रक्ताची पत्रिका

मारोतराव लोणारे यांना कशाची भीती वाटते, असं रायपूरच्या पुरानी बस्तीत कोणी विचारलं असतं तर लोकांनी हसून विषय बदलला असता. उभी नोकरी त्यांनी रेल्वेच्या कारखान्यात वॅगनच्या पोटाखाली झोपून काढली. एकदा जॅक सरकला आणि लोखंडाचा अवजड तुकडा कानाला चाटून गेला. बाहेर येऊन त्यांनी आधी चहा मागवला आणि मग जॅक लावणाऱ्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. युनियनच्या भांडणात साहेबाच्या टेबलावर मूठ आपटायला हेच पुढे. गल्लीत साप निघाला की बायका आधी यांच्या दारात. नाव मारोती, पण त्या देवापुढे त्यांनी कळत्या वयात कधी नारळ फोडला नाही. "नाव आजीनं ठेवलं, त्याले माहा इलाज नाही," असं ते वर हसत सांगत.

निवृत्त झाल्यावर ते बौद्धाचार्य झाले, म्हणजे समाजातली लग्नं लावू लागले. पांढराशुभ्र सदरा, त्रिसरण-पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा आणि शेवटी भाषण. भाषण संपल्याशिवाय पंगत बसत नसे, त्यामुळे भुकेली मंडळी त्यांच्याकडे फार आशेने बघत बसत. त्यातला पत्रिकेचा भाग तर सगळ्यांना पाठ होता. आमच्या घराण्यात तीन पिढ्या पत्रिका पाहिली नाही, मुहूर्त काढला नाही, आणि एकाही लग्नाचं काही बिघडलं नाही, असं ते छाती पुढे काढून सांगत. यात खोटं काही नव्हतं. हा अभिमान त्यांच्या वाडवडिलांनी फार सोसून मिळवला होता आणि मारोतरावांनी तो जपला होता.

मुलाचं, यशदीपचं लग्न जमलं तेही असंच. मुलगी गोंदियाची, चेतना. तिचे वडील शेखर रामटेके शाळामास्तर, बोलायला मऊ. सगळं ठरलं, साखर वाटायची तेवढी राहिली, आणि शेखरगुरुजी होणाऱ्या व्याह्यांना हळूच म्हणाले, "इवाई, एक विचारू का? आजकाल पोरापोरीच्या रक्ताची तपासणी करतात म्हणे, सिकलसेलची. आपणबी करून घ्यावं का?"

बैठक भरलेली होती. मारोतरावांना अशा वेळी शब्द शोधावे लागत नसत. "इवाई," ते म्हणाले, "पत्रिका आपण सोडली, आता तुम्ही रक्ताची पत्रिका काढून राहिले का? आपल्या बापजाद्याचं रक्त पाहूनच लोकांनी त्यांले गावाबाहेर ठेवलं. आता आपणच एकमेकाचं रक्त पाहाचं?" बैठकीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेखरगुरुजींचा चेहरा पडला, त्यांनी हात जोडले आणि साखर वाटली गेली. मारोतरावांना ते वाक्य स्वतःलाच इतकं आवडलं की पुढच्या प्रत्येक लग्नात त्यांनी ते घातलं. सिकलसेलचे सरकारी फलक त्यांनीही वाचले होते, नाही असं नाही. पण फलक वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की तो शेजारच्यासाठी लावलाय.

चेतना सून म्हणून आली आणि घराला रुळली. सकाळी शाळेत शिकवायला जायची, दुपारी येऊन सासूच्या, कमलाबाईंच्या हातातलं काम ओढून घ्यायची. यशदीप वीज ऑफिसात होता. जन्म रायपूरचा, त्यामुळे मराठी सगळी कळायची, पण उत्तर हिंदीत. घरात आईबाप एका भाषेत विचारत, मुलगा दुसऱ्या भाषेत सांगे आणि कोणाचं काही अडत नसे.

दुसऱ्या वर्षी दोघांनी मुलाचा विचार केला. चेतना शिकलेली, म्हणून दिवस राहण्याच्या आधीच तात्यापारा मोहल्ल्यातल्या डॉक्टर ज्ञानदाबाईंकडे जाऊन आली. त्यांनी रक्त तपासलं. अहवाल आला त्या रविवारी सगळे घरी होते. मारोतराव आणि यशदीप जेवायला बसले होते, कमलाबाई आत पोळ्या करत होत्या, आणि चेतना वाढता वाढता म्हणाली, "बाबा, माह्या रक्तात सिकलसेल निघालं."

"म्हंजे? तुले बरं नाही का?"

"मले काही नाही होत. मी फक्त वाहक आहे. माह्यात अर्धंच आहे म्हणा. पण यशमध्येही तसंच अर्धं निघालं, तर पोरामध्ये पूर्ण येऊ शकते. दर खेपेला चारातून एक वेळ धोका राहते म्हणे. म्हणून यशलेबी तपासा लागते."

यशदीपने मान वर केली नाही. "मेरा क्यों? हमारे घर में किसी को नहीं है ये सिकलिन-विकलिन."

"अरे, असते पण दिसत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, घरात कोणी लहानपणी गेलं का ते विचारा. या आजारात लेकरांचे हातपाय सुजतात, थंडीत हाडं दुखतात, रडून रडून बेजार होतात. डोळे पिवळे दिसतात. लोक वात म्हणतात, कावीळ म्हणतात आणि लेकरू हातचं जाते."

मारोतरावांच्या हातातला घास ताटात परत गेला. 

"बाबा, है क्या किसी को?" यशदीपने सहज विचारलं.

"नाही," मारोतराव म्हणाले.

एवढंच म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांनी दिलेलं हे सर्वांत छोटं उत्तर असेल. आतून पोळपाटाचा आवाज तसाच येत होता. ताटात पोळी आली ती त्यांनी खाल्ली, पाणी प्यायले आणि हात धुवायला गेले तो नळ सुरूच ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले.

इंदू त्यांची पहिली मुलगी. रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होते तेव्हाची. यशदीप तिच्या पाठचा, पण ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी झालेला. थंडी सुरू झाली की इंदूच्या हातांचे तळवे पुरीसारखे फुगायचे आणि ती शाळेत जायला नको म्हणायची. पाय दाबून दे, बाबा, म्हणायची. मारोतराव ड्यूटीवरून येऊन मोहरीचं तेल गरम करत आणि तिचे पाय चोळत बसत. डॉक्टर झाले, वैद्य झाले. एक वात म्हणाला, दुसरा कावीळ म्हणाला. पोट पुढे आलं तर शेजारीण म्हणाली, माती खात असेल. शाळेत पहिलीला होती तेव्हा एका जानेवारीत ताप चढला आणि दवाखान्याच्या दारापर्यंतही ती पोचली नाही. लोकांनी विचारलं तेव्हा मारोतराव म्हणाले, काविळीनं गेली. यशदीपला तर आपल्याला एक बहीण होती हेही कोणी सांगितलं नव्हतं. घरात तिचा फोटो लावलेला नव्हता. कमलाबाई तिचं नाव घेत नसत, म्हणून मारोतरावही घेत नसत.

आता ते सगळं चेतनाने भात वाढता वाढता एका दमात सांगून टाकलं होतं, आणि तिला माहीतच नव्हतं की ती कोणाबद्दल बोलते आहे.

त्या दिवसापासून मारोतराव घाबरले. घाबरायची सवय नसलेला माणूस घाबरला की त्याचे फार हाल होतात, कारण घाबरून काय करायचं असतं हेच त्याला माहीत नसतं. ते सकाळी बूढ़ा तलावावर फिरायला जात, तिथे एखादं लेकरू लंगडत चाललं की हे थांबून त्याच्या हातांकडे बघत. घरी यशदीप समोर बसला की ते त्याचे डोळे निरखत, पांढरे आहेत की पिवळट. "क्या देख रहे हो, बाबा?" तो विचारी आणि हे वर्तमानपत्र उघडत. पेपर उलटा धरलाय हे एकदा चेतनाने हसून दाखवून दिलं.

मनाशी हिशेब करून पाहिला तर दोन्हीकडे खड्डा. सांगावं, तर यशदीपच्या रक्तात तेच निघणार. मग सून गोंदियाला निघून जाईल आणि शेखरगुरुजी दारात येऊन उभे राहतील. ते बोलणार काही नाहीत, फक्त बघतील. आणि कमला. आपल्या पोटच्या पोरीत आपल्याच दोघांकडून ते आलं, हे कमलाला कोणत्या तोंडाने सांगायचं? न सांगावं, तर आणखी एक इंदू. पुन्हा ते तेल, पुन्हा ते तळवे. हे आठवलं की ते बसल्या जागेवरून उठत आणि उगाच अंगणातल्या कुंड्या इकडच्या तिकडे करत.

त्यांनी वाट पाहिली ती यशदीप आपणहून तपासून येईल याची. म्हणजे आपल्याला बोलावं लागणार नाही. पण यशदीप अडून बसला होता, आणि का अडून बसला होता ते मारोतरावांना एक दिवस व्हरांड्यात बसल्या बसल्या ऐकू आलं.

"बाबा ने पूरे समाज के सामने बोला है," यशदीप आत चेतनाला सांगत होता. "हर शादी में बोलते हैं. अब उन्हीं का बेटा जाके खून दिखाएगा? लोग हँसेंगे उन पर. और बाबा ने बोल दिया ना, किसी को नहीं है. वो झूठ थोड़ी बोलेंगे."

चेतनाने कपाटाचं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "ठीक आहे. बाबांनी सांगितलं म्हंजे नसनच."

मारोतरावांना वाटलं, आत्ता आत जावं आणि सांगून टाकावं. ते उठलेसुद्धा. पण पाय आत न जाता फाटकाकडे गेले, आणि ते कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन चहा न घेताच परत आले. साप पकडणारा माणूस! आपल्याच मुलाच्या खोलीच्या दारापर्यंत त्यांना जाता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात कमलाबाईंनी पेटीतली जुनी, धुऊन मऊ झालेली लुगडी काढली आणि गोधडी शिवायला घेतली. लहान, लेकराला पुरेल एवढी. "चेतना म्हणे, आता थांबाचं नाही," त्या सुई ओवत म्हणाल्या. मारोतरावांनी त्या तुकड्यांकडे पाहिलं आणि ते उठून बाहेर गेले. 

अशातच बूढ़ापाऱ्यातून बोलावणं आलं. शिशिर म्हणून एक मुलगा, ओळखीतला, त्याच्या लग्नाची बोलणी होती. मारोतरावांना तिथे जायचं नव्हतं, पण शिशिरचा मामा दारात स्कूटर घेऊन उभा राहिला. "तुम्ही नसान तर बैठकीले मजा नाही जी," म्हणाला आणि घेऊन गेला.

बैठक रंगली. चिवडा झाला, चहा झाला. मग मुलीची आई अंजनाबाई पदर सावरून म्हणाली, "बाकी सगळं बरं आहे. पण पोराची सिकलिनची तपासणी झाली का? आमच्या पोरीची झाली."

शिशिरच्या मामाचे डोळे चमकले. तो मांडी ठोकून म्हणाला, "घ्या! याचं उत्तर मारोतराव देतीन. ऐका आता."

सगळी माणसं मारोतरावांकडे वळली. काही जणांच्या ओठांवर ते वाक्य आधीच आलं होतं.  समोर शिशिर बसला होता, नवीन शर्ट घातलेला, लाजलेला, आणि पडद्याआडून मुलीच्या बांगड्या वाजत होत्या.

"तपासून घ्या," ते म्हणाले.

लोक हसले. त्यांना वाटलं, भाषणाची ही नवी सुरुवात आहे. मामा तर टाळी द्यायला हात पुढे करून थांबला. मारोतराव पुढे काही बोलेनात तसं हसू हळूहळू विरत गेलं.

"मी खरं सांगून राहिलो. तपासून घ्या. दोघांचंबी."

"काहून जी?" अंजनाबाईने विचारलं. बाई फटकळ होती, पण प्रश्न सरळ होता. "तुम्हीच तर म्हणत होते, रक्त पाहू नका म्हणून. तुमच्या घरी काही निघालं का?"

याच प्रश्नाला ते भीत होते. आता तो आलाच होता, आणि समोर माणसं बसली होती, आणि समोर माणसं असली की मारोतरावांना बोलता येत असे. घरात जे तोंडातून फुटत नव्हतं ते इथे आपोआप बाहेर आलं.

"निघालं," ते म्हणाले. "माही पोट्टी त्यानंच गेली. इंदू नाव होतं तिचं. मी काविळीनं गेली म्हणत होतो. मी तुमच्या पोरांच्या लग्नात उभा राहून जे बोललो ते चुकीचं बोललो. पत्रिका वेगळी आन् हे वेगळं. पत्रिका नाही पाहिली म्हणून लेकरू मरत नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शिशिरचा मामा चिवड्याच्या बशीकडे बघत राहिला. एक म्हातारा "अरेरे" म्हणाला. मागच्या रांगेत कोणाच्या तरी हातात फोन उजळला, आणि तो उजेड पाहिल्याबरोबर मारोतरावांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. हे आपण कमलाला सांगितलेलं नाही. यशदीपला सांगितलेलं नाही. इथे मात्र पन्नास लोकांना सांगितलं, आणि समाजात बातमी पोचायला स्कूटर लागत नाही.

ते चपला घालून तसेच निघाले. मामा "सोडून देतो जी" म्हणत मागे आला, पण ते थांबले नाहीत. बूढ़ापाऱ्याच्या गल्लीत संध्याकाळची गर्दी होती, ऑटो, हातगाड्या, मुलांना शाळेतून आणणाऱ्या स्कूटी. मारोतराव गुडघे दुखत असताना जवळजवळ धावत होते. खिशात फोन थरथरत होता आणि तो काढायची त्यांची हिंमत होत नव्हती. आपल्या पोरीबद्दल आपल्या बायकोला आपणच सांगायला हवं, दुसऱ्या कोणी नाही, एवढी एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात होती. एका वळणावर ते सायकलवाल्याला धडकले, त्याने "अंधा है क्या, काका?" म्हणून शिवी हासडली आणि ते त्याची माफी मागून पुढे पळाले.

घरात दिवा लावलेला होता. कमलाबाई गोधडीसमोर बसल्या होत्या. फोन मांडीत होता.

"अंजनाबाईची नणंद होती," त्या म्हणाल्या. "माह्या पोरीचं मले तिनं सांगितलं."

मारोतराव दारातच उभे राहिले. 

"बसा. पाणी प्या," कमलाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मले त्या रविवारीच समजलं होतं. चेतना सांगत होती ना, हात सुजतात म्हणून? मी आतून ऐकून राहिली होती. त्या दिवशी माही पोळी तव्यावर कोळसा झाली. तीच तुमच्या ताटात वाढली. तुम्ही खाल्ली. तुमच्या ध्यानात नाही आलं."

"मंग तू काहून नाही बोलली?"

"तुम्ही नाही म्हणाले ना यशले. म्हटलं, यांले सहन नाही होत असन. आन् मलेबी भ्या वाटत होतं. हात रिकामे राहिले की इंदू दिसते, म्हणून हे शिवाले घेतलं."

मारोतराव तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. इंदू गेली तेव्हा ते रडले नव्हते, पुरुष मंडळी बघत होती म्हणून. कमलाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही, कारण त्यांचे दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर होते.

यशदीप आला तेव्हा बातमी त्याच्याही फोनवर पोचली होती. तो बापावर कधी ओरडला नव्हता, त्या दिवशी ओरडला. "आपने 'नहीं' क्यों बोला, बाबा? मैं आपके भरोसे बैठा था!" मारोतरावांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. चेतना भिंतीला टेकून उभी होती, रंग उडालेली, आणि कोणाकडेच बघत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं यशदीपचं रक्त तपासायला द्यायला गेली.

अहवाल यायला काही दिवस होते. चेतना शाळेतून येऊन सरळ खोलीत जायची. तिच्या खोलीचं दार वाजलं की मारोतरावांना वाटायचं, बॅग घेऊन बाहेर येतेय. ती बाहेर यायची ती पाणी प्यायला.

निघायचं तेच निघालं. यशदीपही वाहक. डॉक्टर ज्ञानदाबाईंनी चौघांनाही समोर बसवलं आणि सावकाश समजावलं. लग्न मोडायची गरज नाही, मूल नको असंही नाही. दिवस राहिले की तिसऱ्या महिन्यात पोटातून सुईने थोडा नमुना घेतात आणि बाळात आजार आहे की नाही ते कळतं. आजार असला तर गर्भ ठेवायचा की नाही ते नवराबायकोने ठरवायचं, दुसऱ्या कोणी नाही. आता गोळ्या निघाल्या आहेत, अशी मुलं शिकतात, नोकरी करतात. दुखणं मात्र पूर्ण जात नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. कमलाबाईंनी घाबरून विचारलं, "पोटातलं तपासणं तर गुन्हा आहे ना, मॅडम?" तेव्हा त्या म्हणाल्या, मुलगा की मुलगी ते सांगणं गुन्हा आहे, आजार तपासणं नाही. कमलाबाईंनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास बसला नाही.

गोंदियाला फोन मारोतरावांनी स्वतः केला. सगळं सांगितलं. 

"मी तेव्हा विचारलं होतं जी," शेखरगुरुजी शेवटी म्हणाले.

"हो."

"चेतना जेवते का बरोबर?"

"जेवते."

"ठेवतो," म्हणाले आणि फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर मारोतरावांना बरं वाटलं असतं.

पुढे उन्हाळा गेला आणि चेतनाला दिवस राहिले. दोघांनी ठरवूनच. एरवी अशा बातमीला घरात पेढे येतात. इथे कमलाबाईंनी सुनेच्या तोंडावरून हात फिरवला आणि सगळे आपापल्या कामाला लागले. गोधडी अर्धी शिवून पेटीत ठेवलेली होती, ती कोणी बाहेर काढली नाही. मारोतराव लग्नं लावायला जात, प्रतिज्ञा देत आणि भाषण न करता खाली बसत. जेवण लवकर मिळतं म्हणून पोरं खूश होती.

सुईने नमुना घ्यायचा दिवस आला. यशदीप दवाखान्यात कागदपत्रं करायला पुढे गेला होता. चेतनाने स्वच्छ सुती साडी नेसली, केस बांधले आणि ती दाराशी आली. ऑटो बाहेर उभा होता. पण ती उंबऱ्यापाशी थांबली, मागे वळली आणि कमलाबाईंच्या समोर पाटावर बसली.

"आई, एक विचारू का? खरं सांगा."

"विचार ना, माय."

"आज तपासणी होईन. समजा निघालं. तर मले ठरवावं लागन. यश म्हणते, तू जे म्हणशीन ते. सगळे तेच म्हणून राहिले." तिने सासूचा हात धरला. "इंदूताई नसत्या झाल्या, तर बरं झालं असतं का?"

मारोतराव चप्पल घालत होते. एक पाय चपलेत, एक बाहेर, असे ते थिजले. हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नव्हता. त्यांना तो शेवटचा ताप आठवला, दवाखान्याच्या वाटेवर मांडीवर जड होत गेलेलं ते डोकं आठवलं. हो म्हणावं असं वाटलं. मग इंदू क्वार्टरच्या फाटकावर लटकून "बाबा आले" म्हणून ओरडायची ते आठवलं.

कमलाबाईंनी मात्र वेळ लावला नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "तिचं दुखणं मले पुन्हा पाहवणार नाही. दुसऱ्या कोणत्या मायले पाहा लागू नये. पण ती झाली नसती तर बरं झालं असतं, हे मले म्हणवत नाही, चेतना. माही पोर होती ती. हसत होती, भांडत होती. गूळ चोरून खात होती."

"मंग मी काय करू, आई?"

"ते मले नाही माहीत, माय," कमलाबाई म्हणाल्या. "खरंच नाही माहीत."

चेतनाने सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं. कमलाबाई तिच्या बांधलेल्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. बाहेरून ऑटोवाल्याने हॉर्न दिला, मग आणखी एकदा दिला. मारोतराव एका पायात चप्पल घालून तसेच फाटकापर्यंत गेले.

"थोड़ा रुको, भैया," ते म्हणाले. "बहू रो रही है."